मोटारीचे महालकरी

महाराष्ट्रातील कोणत्याही शहरात, सहकारी गृहरचना संस्थेच्या आवारात, रविवारी सकाळी सहाच्या सुमारास, तरुण मंडळी गाढ निद्रेत असताना आणि दूधवाल्याखेरीज अन्य कोणाचाही संचार नसताना, बाह्या कोपरापर्यंत सारलेला, पायांत रबरी सपाता घातलेला आणि दोन्ही हातांत एकेक बादली घेतलेला एखादा वयस्क गृहस्थ वाहनतळाकडे धिम्या पावलांनी जाताना दिसला, तर तो संस्थेचा नोकर असावा असा ग्रह कृपा करून करून घेऊ नये. तो बहुधा महसूल खात्यातून नायब तहसीलदार म्हणून, आणि तेही एकही खातेनिहाय चौकशी मागे न ठेवता, निवृत्त झालेला प्रतिष्ठित नागरिक असतो. मोटार त्याची असतेच असे नाही. परिवहन कार्यालयाच्या दप्तरी ती चिरंजिवांच्या नावे असते, कर्जाचे हप्ते चिरंजिवांच्या वेतनातून वळते होतात आणि ती चालवितात बहुतेक वेळा सूनबाई. परंतु तिच्यावरील अंमल मात्र निर्विवादपणे या गृहस्थांचा असतो. अशा गृहस्थांस मी मोटारीचे महालकरी म्हणतो.

महालकऱ्यांची ही निष्ठा समजून घ्यावयाची, तर त्यांच्या तारुण्याचा काळ ध्यानात घेतला पाहिजे. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणारी फियाट किंवा कलकत्त्याजवळच्या उत्तरपाड्याची अँबॅसडर, यांपैकी एकीसाठी पैसे भरून नाव नोंदवावे आणि मग वर्षानुवर्षे वाट पाहावी, असा तो काळ होता. 1983च्या डिसेंबरात मारुती 800 आली तेव्हा मध्यमवर्गाच्या आशा पल्लवित झाल्या खऱ्या, पण महालकरी तेव्हा नुकतेच नोकरीत कायम झाले होते, आणि साहेबांच्या जीपगाडीत मागच्या आडव्या बाकावर बसणे हाच त्यांचा मोटारप्रवास होता. इतक्या प्रतीक्षेनंतर दारी आलेल्या वस्तूत कोणी भेळ खाईल, ही कल्पनाच त्यांना सहन होत नाही. चिरंजिवांना याच्या उलट, दूरध्वनीवर कर्ज मंजूर होऊन आठवड्याच्या आत मोटार मिळालेली असते. त्यांच्या लेखी ती एक चालती खोली असते, आणि खोलीत माणूस खाणारच.

आता त्या दोन बादल्यांचे प्रयोजन सांगितले पाहिजे, कारण महालकऱ्यांच्या शास्त्रातला तोच सर्वांत सबळ भाग आहे. एकीत साबणाचे पाणी असते, दुसरीत निर्मळ. फडके गाडीवरून एकदा फिरले की आधी दुसरीत खळबळून मगच पहिलीत बुडवावयाचे, असा शिरस्ता आहे. संस्थेत पहाटे येऊन एकाच बादलीत आणि एकाच फडक्याने पंचवीस-तीस मोटारी पुसून जाणाऱ्या पोऱ्याविषयी ते जे बोलतात ते येथे छापण्याजोगे नाही. परंतु त्यांचा मुद्दा खरा आहे. धुळीत दगडाचे बारीक कण असतात, रंगावरचा पारदर्शक थर केसाहूनही पातळ असतो, आणि कोरडे किंवा मळके फडके जोराने घासले की त्या थरावर वर्तुळाकार ओरखडे उठतात. काळ्या रंगाच्या मोटारीवर ते उन्हात स्पष्ट दिसतात. महालकरी मला एकदा भर दुपारी शेजाऱ्यांच्या काळ्या मोटारीपाशी घेऊन गेले आणि तिचा रीतसर पंचनामाच त्यांनी केला. शेजारी खिडकीतून पाहत होते, पण महालकऱ्यांना त्याची क्षिती नव्हती.

म्हणून आधी नुसत्या पाण्याने धूळ सोडवावयाची, मग टपापासून खाली उतरत यावयाचे, चाके सर्वांत शेवटी, आणि चाकांच्या फडक्याचा इतर फडक्यांशी कोणताही व्यवहार ठेवावयाचा नाही. कपड्यांची पावडर वर्ज्य, कारण ती मळाबरोबर मेणाची झिलईही नेते. ऊन तापण्यापूर्वी सर्व आटोपून काच नि पत्रा कोरडा करावयाचा, नाहीतर बोअरिंगच्या पाण्यातील क्षार पांढऱ्या ठिपक्यांच्या रूपाने मागे राहतात. पक्ष्यांनी केलेल्या अतिक्रमणाला मात्र रविवारपर्यंत मुदत नाही. ते ओल्या फडक्याने भिजवून त्याच दिवशी उठवावे लागते, कारण ती विष्ठा रंग खाते.

बाहेरचा मळ हा निसर्गाचा गुन्हा. आतला मळ कुटुंबाचा, आणि खरा बंदोबस्त तेथेच आहे. कोणाकडे रिकाम्या हाताने जाऊ नये, हा आपला जुना शिष्टाचार. महालकऱ्यांनी तो मोटारीतून उतरण्यास लावला. उतरताना प्रत्येकाच्या हातात काहीतरी असलेच पाहिजे: पाण्याची बाटली, वर्तमानपत्र, संत्र्याची साल, काहीही. पुढच्या आसनामागे एक कापडी पिशवी टांगलेली असते आणि ती दररोज रात्री रिती होते. हा नियम पाहुण्यांनाही लागू आहे. लग्नाला निघालेल्या मेहुण्यांना मांडवाच्या दाराशी शेंगांची टरफले हातात घेऊन उभे राहावे लागले, तेव्हा बहिणीने चार महिने अबोला धरला होता, पण नियमाला बाध आला नाही.

एवढे करूनही जे मागे राहील ते जप्त. केसांच्या पिना, कंपासपेटी, एका कानातले डूल, सूनबाईंची लिपस्टिक, असा मुद्देमाल जिन्याखालच्या खोक्यात तारखेच्या चिठ्ठीसह जमा असतो आणि अर्ज केल्याखेरीज सुटत नाही. ‘मा. आजोबा यांस, माझा खोडरबर परत मिळणेबाबत’ असा नातीचा अर्ज मी स्वतः वाचला आहे. त्यावर ‘समज देऊन परत करावा’ असा शेरा होता. टोलनाक्याच्या पावत्या पूर्वी ते तारेत ओवून ठेवीत. 2021च्या फेब्रुवारीपासून फास्टॅग सक्तीचा झाला आणि तो ओघ आटला. पुष्कळांची सोय झाली, यांचे एक दप्तर बंद पडले.

खाद्यपदार्थांविषयीचे फर्मान कडक आहे. लोणावळ्याची चिक्की मोटारीतून प्रवास करू शकते, पण तिचे वेष्टन फोडता येत नाही. घाटात वडापाव घेतला तर सर्वांनी पावसात, छत्रीखाली, रस्त्याच्या कडेला उभे राहून तो संपवावयाचा. याला कारण शेव नव्हे, उंदीर. कण पडला की उंदीर येतो, उंदीर आला की तारा कुरतडतो, आणि तारांचा खर्च महालकऱ्यांच्या निवृत्तिवेतनाला झेपणारा नसतो. प्रतिबंध म्हणून ते बॉनेटमध्ये तंबाखूची पुरचुंडी बांधून ठेवतात. आयुष्यात सुपारीचे खांडही न चघळलेला हा गृहस्थ महिन्यातून एकदा, ओळखीचे कोणी नाही असे पाहून, टपरीवर तंबाखू मागतो, तेव्हा त्याचा चेहरा पाहण्याजोगा होतो.

अलिबागच्या सहलीत त्यांच्या प्रशासनाची खरी कसोटी लागते. किनाऱ्यावरून परतणाऱ्या प्रत्येकाने आसनावर आडवे बसून, पाय बाहेर काढून, तळव्यांची वाळू ब्रशाने झाडून घेतल्यावरच आत वळावयाचे. ओली वस्त्रे पिशवीत, पिशवी पत्र्याच्या घमेल्यात. घरी पोहोचल्यावर, रात्रीचे कितीही वाजलेले असोत, मोटारीच्या पोटाखाली गोड्या पाण्याची धार सोडावयाची, कारण खाऱ्या हवेचे मीठ सांध्यांत बसले की गंज धरतो. पावसाळ्यात पायपुसण्यांखाली वर्तमानपत्रे अंथरली जातात आणि रोज बदलली जातात, नाहीतर कुबट वास सुटतो. अग्रलेखाचे पान सर्वाधिक ओल शोषते, असे त्यांचे निरीक्षण आहे. दारांच्या तळाशी पाणी निथळण्यासाठी असलेली छिद्रे काडीने मोकळी करणारा माणूस मी त्यांच्याखेरीज दुसरा पाहिलेला नाही.

दसऱ्याला मात्र त्यांची सत्ता चालत नाही. त्या दिवशी ‘अहो, बाजूला व्हा’ एवढ्या तीन शब्दांत सौभाग्यवती कारभार हाती घेतात. पूर्वी कुंकवाचे स्वस्तिक थेट पत्र्यावर उमटत असे. दीर्घ वाटाघाटींनंतर झालेल्या तहनाम्यान्वये ते आता काचेवर काढले जाते, आणि झेंडूची माळ सूर्यास्तापूर्वी उतरविली जाते.

माझ्या मते या कायद्यातील निम्मी कलमे रद्द करण्याजोगी आहेत. टायरच्या खाचा दात घासण्याच्या ब्रशाने साफ करून कोणाचेही कल्याण होत नाही. परंतु ती कापडी पिशवी आणि उतरतानाचा तो नियम एवढेच ठेवले तरी गाडी महिनोन्महिने बसण्यासारखी राहते, हे त्यांच्या मोटारीत बसून मी अनुभवले आहे. घरच्या मंडळींनीही या राजवटीशी जुळवून घेतले आहे. भेळ खाण्याची इच्छा झाली की ती रिक्षाने जातात.

सहामाही दुरुस्तीला मोटार पाठविण्यापूर्वी महालकरी ती धुतात. ‘अहो, ते धुऊनच देतात ना?’ या पत्नीच्या प्रश्नाला, ‘म्हणून काय अशी पाठवायची? काय म्हणतील लोक?’ असे त्यांचे उत्तर असते. सायंकाळी ती परत आली की ते ती पुन्हा धुतात. गेल्या खेपेस कारखान्याच्या अभिप्रायवहीत त्यांनी ‘काम समाधानकारक, धुलाई असमाधानकारक, यापुढे धुऊ नये’ असा शेरा मारला, तेव्हा तेथील मुख्य मिस्त्री हात पुसत पुढे आला नि म्हणाला, “काका, तुमची गाडी आता नाही धुणार. नुसती बाजूला उभी करतो, नवीन पोरांना दाखवायला.”

“दाखवा,” महालकरी म्हणाले, “पण हात लावू देऊ नका.”