अर्धा तारा कमी

प्रवासलेखकांचे आभार मानावेत तेवढे थोडे. चांदीपला आमच्याकडे आलेले पाहुणे त्यांचीच पुरवणी हातात धरून वसईचा किल्ला बघून येतात. पुढचा मुक्काम अर्थात जुनं गोवं. पुरवणीत सगळं असतं: ‘पोर्तुगीज गोडवा’, फोटोला उजेड कधी चांगला, बांगडा कुठे झणझणीत. 1560 साली सुरू होऊन मधल्या थोड्या खंडासह 1812 पर्यंत चाललेलं इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, तेवढं नसतं. योग्यच आहे. जेवायच्या आधी वाचणाऱ्याची भूक मरू नये.

सूचना एकच. निवासाच्या यादीत दलाँ या फ्रेंच वैद्याचा अनुभवही छापावा. 1673 साली इन्क्विझिशननं त्याला दमणला धरलं, वसईमार्गे गोव्यात नेलं. प्रवास मोफत. स्वतंत्र कोठडी, वेळेवर जेवण, आणि शांतता तर अशी की मोठ्यानं बोलायलाच मनाई! 1676 मध्ये निरोपाची मिरवणूक, अंगात खास शिवलेला झगा. वर पाच वर्षं गलबतांवरची सक्तमजुरी, म्हणजे जलपर्यटन. अर्धा तारा कापावा. निघायची वेळ आधी सांगत नाहीत.

ताज्या पुरवणीच्या पहिल्या पानावर अंगणातली तुळस आहे, खाली मथळा: ‘अस्सल गोवा’. इन्क्विझिशनच्या 1736 च्या फर्मानानं ख्रिस्ती झालेल्यांच्या अंगणात तीच तुळस लावायला बंदी घातली होती.