डोमेन कुणाच्या नावावर?

गाळ्याचा करार कुणाच्या नावावर आहे, हे कोल्हापूरच्या शाहूपुरीतला व्यापारी झोपेतून उठवलं तरी सांगेल. त्यालाच विचारा, दुकानाच्या वेबसाइटचं डोमेन कुणाच्या नावावर आहे? ‘ते त्या पोराला माहिती, त्यानंच सगळं केलंय.’ मग पोरगं पुण्याला नोकरीला जातं, फोन उचलेनासं होतं, डोमेनची मुदत संपते आणि वेबसाइट गायब.

हे वर्डप्रेस या वेबसाइट बनवण्याच्या मोफत सॉफ्टवेअरच्या बाबतीत घडतं, याचा मला जास्त राग येतो. वर्डप्रेसचा जन्मच अशा पेचातून झाला आहे. ‘बी2’ नावाचं ब्लॉगचं सॉफ्टवेअर होतं. ते बनवणारे मिशेल वाल्द्रिगी कामातून बाजूला झाले आणि वापरणारे अधांतरी राहिले. पण जीपीएल परवान्यामुळे त्याचा कोड कुणालाही पुढे नेता येत होता. मॅट मुलनवेग आणि माइक लिटल यांनी तो नेला आणि 27 मे 2003 रोजी वर्डप्रेसची पहिली आवृत्ती आली. आज जगातल्या दहांपैकी चार वेबसाइटी त्यावर चालतात. करणारा निघून गेला तरी वापरणाऱ्याचं अडू नये, ही त्यामागची व्यवस्था. डोमेन आणि पासवर्ड दुसऱ्याच्या खिशात असतील तर ती कागदावरच राहते.

कोल्हापुरात वर्डप्रेसवाल्यांचा मीटअप गट आहे. अशा मीटअपला तिकीट नाही, अट नाही. आयोजक स्वयंसेवक, बोलणारे बिनमानधनाचे. ही मोठी गोष्ट आहे आणि ती चालवणाऱ्या पोरापोरींबद्दल मला मनापासून आदर आहे. पण प्लगइन आणि थीमवर बोलणाऱ्यांसमोर प्लगइन आणि थीम बनवणारेच बसणार असतील, तर शहराच्या पदरात काय पडलं? पहिल्या रांगेत चप्पल लाइनीतला दुकानदार हवा, गुळाचा अडत्या हवा, हुपरीचा चांदीवाला हवा.

2019 साली कोल्हापुरी चपलेला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. 2025च्या जूनमध्ये प्राडा या फॅशन कंपनीने मिलानमध्ये तशाच चपला दाखवल्या आणि जगभर कोल्हापुरीचं नाव झालं. अशा वेळी गिऱ्हाइकाला कारागिराच्या स्वतःच्या नावाचं पान सापडायला हवं. नुसतं इन्स्टाग्रामचं खातं असेल आणि ते उद्या बंद झालं, तर दाद कुठे मागणार?

म्हणून प्रत्येक मीटअपमध्ये अर्धा तास मराठीत, दुकानदारांसाठी काढा. लॅपटॉप उघडून डोमेनची नोंद कुणाच्या ईमेलवर आहे ते बघायचं, अ‍ॅडमिनचा पासवर्ड मालकाच्या हातात द्यायचा, बॅकअप उतरवून घ्यायचा. सॉफ्टवेअर फुकट असलं तरी डोमेन-होस्टिंगला दरवर्षी पैसे लागतात, हेही स्पष्ट सांगायचं. आणि वेबसाइट करून देणाऱ्यांनो, या तीन गोष्टी मालकाच्या ताब्यात दिल्याशिवाय शेवटचं बिल लावू नका.