न्यू आष्टी, मग जुनी कुठंय?

नगरहून बीडच्या गाडीत बसलं की नारायणडोह मागे पडतं आणि ‘न्यू लोणी’ येतं. पुढे सोलापूरवाडी, ‘न्यू धानोरा’, कडा आणि ‘न्यू आष्टी’. परवा तिथं उतरलो आणि चहावाल्याला विचारलं, “जुनं आष्टी स्टेशन कुठंय हो?” त्यानं काही न बोलता माझ्या चहात आणखी एक चमचा साखर टाकली. उन्हानं चक्कर आली असावी, असा त्याचा समज झाला.

या ‘न्यू’चा खुलासा मला पाठ आहे. आष्टी वर्ध्यात आहे, गडचिरोलीतही आहे. लोणी नावाचं स्टेशन पुणे-दौंड मार्गावर आधीपासून आहे. उगाच घोटाळा नको. कबूल. पण हा पेच आमच्या नगर जिल्ह्यानं रूळ यायच्या आधीच सोडवलाय. लोणी व्यंकनाथ, लोणी हवेली, लोणी मावळा, लोणी बुद्रुक, लोणी खुर्द. एवढ्या लोणींत एकीलाही ‘न्यू’ लावलेलं नाही आणि चुकीच्या लोणीत उतरलेलं वऱ्हाड मी तरी ऐकलेलं नाही. कड्याला बिचाऱ्याला न्यूसुद्धा मिळालं नाही. कड्यानं काय घोडं मारलं होतं?

बरं, न्यू म्हणजे किती न्यू? नगर-बीड-परळी मार्ग मंजूर झाला १९९५-९६ साली. नगर ते आष्टी ६६ किलोमीटर. पहिली गाडी धावली २३ सप्टेंबर २०२२ ला. भागाकार करून बघा, दिवसाला सात मीटरही पडत नाहीत. एवढं अंतर आमची म्हैस गोठ्यातल्या गोठ्यात कापते. मंजुरीच्या वर्षी जिच्या बारशाच्या घुगऱ्या खाल्ल्या, ती पोरगी दोन लेकरांची आई होऊन बसली, तेव्हा स्टेशन ‘न्यू’ झालं! आणि त्या सगळ्या वर्षांत आष्टी-पाटोद्याची माणसं दिवाळी सरली की कोयता, पातेली, कोंबड्या आणि शाळेतून उठवलेली पोरं ट्रकवर चढवून ऊसतोडीला जातच होती. त्यांच्या पोरांची इयत्ता दरसाल मागच्या पानावरून पुढे. तेव्हा कुणाला घाई नव्हती. घाई फक्त पाटी रंगवताना.

२०२५ च्या सप्टेंबरात गाडी बीडला टेकली. परळीपर्यंतचे रूळ अजून पडायचेत. एकूण मार्ग २६१ किलोमीटरचा, त्याच्या दोन्ही टोकांना खरोखरची जुनी स्टेशनं आहेत. नगरच्या स्टेशनला तर अख्खं नावच नवं मिळालं.

न्यू मात्र दोघांनाही नाही.