नगरकर बोटीवर जेवतात

क्षेत्रफळाने महाराष्ट्रातला सर्वांत मोठा जिल्हा कोणता, असं शाळेत विचारलं की आमच्याकडची पोरं छाती काढून ‘अहमदनगर’ म्हणायची. (आता ‘अहिल्यानगर’ म्हणतात, क्षेत्रफळ तेवढंच आहे.) १७ हजार चौरस किलोमीटरच्या या पसाऱ्यात साखर कारखाने आहेत, भुईकोट किल्ला आहे, राज्यातलं सर्वांत उंच कळसूबाईचं शिखर आहे. समुद्र तेवढा नाही. आमचं पाणी धरणात असतं आणि कालव्यातून आवर्तनानं येतं. १९२६ साली पुऱ्या झालेल्या भंडारदऱ्याच्या धरणात होडीत बसायचं आणि उतरल्यावर भाजलेलं कणीस खायचं, ही आमच्या जलप्रवासाची आणि त्यातल्या खानपानाची कमाल मर्यादा.

यंदा मात्र मोठ्या मामांचं उसाचं पेमेंट वेळेवर आलं. असा योग वारंवार येत नसल्यामुळे घरातल्या सगळ्यांनी मिळून तो साजरा करायचं ठरवलं आणि मुंबईहून गोव्याला जाऊन परत येणाऱ्या क्रूझचं बुकिंग झालं. मामा, मामी, आत्या, मी, आमची सौ., मेव्हणी आणि मेव्हणीचा नवरा, म्हणजे माझे साडू. साडूंचं केडगावला हार्डवेअरचं दुकान आहे. खिळेसुद्धा ते मोजून देतात. बुकिंग झाल्यापासून त्यांनी जहाज किती मोठं, वेग किती, असलं काही विचारलं नाही. त्यांचा प्रश्न एकच होता, “जेवण तिकिटात धरलंय ना?”

धरलेलं होतं. या जहाजांवर जेवणाचे साधारण तीन प्रकार असतात. पहिला बुफे, तो तिकिटात. दुसरं टेबलाशी बसून, मेनूकार्ड वाचून करायचं जेवण, तेही बहुधा तिकिटात. तिसरी खास रेस्टॉरंटं, त्यांचे पैसे वेगळे. दारू, शीतपेयं असल्या गोष्टींचा हिशेबही वेगळा. साडूंनी ही माहिती वहीत उतरवून घेतली आणि तिसऱ्या प्रकारापुढे फुली मारली.

आत्यांनी चौथा प्रकार स्वतः तयार केला. शेंगदाण्याची चटणी, दशम्या, बाजरीच्या कडक भाकरी, लसणाची वेगळी पुडी. बाहेरचे पदार्थ चालत नाहीत असं कळवलेलं होतं. “ते बाहेरच्यांना. मी घरचं घेतलंय,” असा आत्यांनी त्याचा निकाल लावला. माळशेज घाट उतरून आम्ही बॅलार्ड पिअरला पोचलो, तिथल्या यंत्राला डबा दिसला आणि तपासणीवरच्या पोरानं तो नम्रपणे बाजूला काढला. आत्या त्याला म्हणाल्या, “बाळा, आधी वास घे आणि मग ठरव.” त्यानं वास घेतला. क्षणभर तो डळमळला, हे आम्ही सगळ्यांनी पाहिलं. पण नियम जिंकला. “खाऊन टाक मग. टाकून देऊ नको. डबा मात्र स्टीलचा आहे,” एवढं बजावून आत्या पुढे सरकल्या.

त्यांना धीर द्यावा म्हणून मी गांधीजींची गोष्ट सांगितली. १८८८ च्या सप्टेंबरमध्ये मोहनदास याच मुंबईहून विलायतेला निघाला, तेव्हा काटे-चमचे धरता येत नव्हते आणि कोणत्या पदार्थात मांस नाही हे विचारायची लाज वाटत होती. त्यामुळे तो टेबलावर जेवायलाच जाईना. बरोबर नेलेल्या मिठाईवर आणि फळांवर केबिनमध्ये गुजराण करी. “बघ,” आत्या म्हणाल्या, “त्यांचा डबा कुणी काढून घेतला नव्हता.”

मुंबईहून अशा सफरी कॉर्डेलिया कंपनीने सप्टेंबर २०२१ मध्ये सुरू केल्या. त्यांचं ‘एम्प्रेस’ हे जहाज १९९० साली फ्रान्समध्ये बांधलेलं, अकरा मजली. जगातल्या मोठ्या क्रूझच्या मानानं हे लहानच म्हणायचं; २०२४ साली समुद्रात उतरलेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’वर सात हजारांहून जास्त प्रवासी मावतात आणि खाण्यापिण्याची ठिकाणं वीसहून अधिक आहेत. आमच्या शेजारी बोरिवलीचं एक कुटुंब होतं. एका वेळी दीड-दोन हजार माणसांचा स्वयंपाक होतो, या विचारानं ते भारावून गेलं होतं. “इमॅजिन करा, काका,” त्यांचा मुलगा मामांना म्हणाला.

मामांनी इमॅजिन केलं आणि त्यांना काहीच वाटलं नाही. त्यात त्यांचा दोष नाही. शिर्डीच्या साई प्रसादालयात एका वेळी साडेपाच हजार माणसं बसतात. छतावर ७३ सौर तबकड्या आहेत आणि त्यांच्यावर पडणाऱ्या उन्हातून तयार झालेल्या वाफेवर २००९ पासून तिथलं अन्न शिजतं. त्याहून पुढे सराला बेटाचा सप्ताह. गंगागिरी महाराजांनी सुरू केलेल्या या हरिनाम सप्ताहाला १७५ वर्षं होऊन गेली. तिथं आमटी भांड्यांत मावत नाही आणि गावोगावच्या बायकांनी थापलेल्या भाकरी ट्रॅक्टर भरभरून येतात. असल्या पंगतीत वाढप्याचं काम केलेल्या माणसाला दीड हजारांचं काय कौतुक? “दीड हजार तर आमच्याकडे साखरपुड्यालाच येतात,” मामा म्हणाले. “आणि लग्न मोडलं तरी जेवून जातात.”

पण पदार्थांच्या संख्येनं मात्र मामा गारद झाले. आमच्या पंगतीत आमटी, भाकरी आणि फार तर बुंदी. निवड करायची ती बसायचं कुठं याची. इथं बुफेच्या एका टोकाला इडली-पोहे, मग राजमा, पनीर, बिर्याणी, मग पास्ता, नूडल्स, कसलीशी कोशिंबीर, जैनांची वेगळी सोय, आणि पार पलीकडे गोडाचं टेबल. दारात हातावर जंतुनाशक द्यायला एक मुलगी उभी. जहाजावर पोटाची साथ फार लवकर पसरते म्हणून जगभर ही काळजी घेतात. मामांना ते तीर्थ वाटलं. त्यांनी उजवा तळवा पुढे केला, आणि ते प्राशन करणार तेवढ्यात मामींनी मनगट धरलं.

मामा पुढचा सगळा वेळ रांगेच्या तोंडाशी राहायला धडपडत होते. कालव्याच्या टेलला जमीन असलेल्या माणसाला पाणी आपल्यापर्यंत पोचेल यावर कधीच विश्वास नसतो, तसा त्यांचा गुलाबजामवर नव्हता. म्हणून त्यांनी सुरुवात गोडापासून केली. त्यांच्या ताटलीत गुलाबजाम, त्याला टेकून पास्ता, पास्त्यावर कढी आणि कढीत तरंगणारा केक असं दृश्य होतं. भांडी पुन्हा पुन्हा भरली जातात हे त्यांना दुसऱ्या दिवशी समजलं. मग मात्र ते हिरमुसले. ज्याच्यासाठी भांडावं लागत नाही ते खायचं कसं, हा त्यांच्यापुढे नवाच पेच होता.

बुफेत आणखी एक उणीव आहे, आणि ती कुठल्याच जहाजकंपनीला भरून काढता येणार नाही. पंगतीत तुम्ही ताटावर हात आडवा धरून नको-नको म्हणता, वाढपी तुमच्या बोटांच्या फटीतून जिलबी सोडतो, आणि मग जे होतं त्याची जबाबदारी त्याची असते. बुफेत वाढपी तुम्हीच आणि खाणारेही तुम्हीच. सकाळी पोट बिघडलं तर दोष कुणाला द्यायचा? आमच्या सौ.नी तो मला दिला, पण त्यासाठी जहाजात बसायची गरज नव्हती.

म्हणून रात्री आम्ही दुसऱ्या प्रकाराकडे वळलो. पांढरी चादर अंथरलेलं टेबल, तीन-तीन चमचे, आणि वाढायला गोव्याकडचा एक हसरा पोरगा. “आजी, आनीक हाडूं?” असं त्यानं विचारलं मात्र, आत्यांचा चेहरा खुलला. इतक्या लांब आल्यावर शेवटी आग्रह करणारं माणूस भेटलं होतं. त्यांनी रीतीप्रमाणे ताटावर हात आडवा धरला आणि म्हणाल्या, “नको नको, पुरे.”

पोरगा अदबीनं मान लववून ताट उचलून घेऊन गेला.

आत्या त्या रिकाम्या चादरीकडे बघत राहिल्या. आमच्याकडे पहिलं ‘नको’ म्हणजे ‘थांब जरा’, दुसरं म्हणजे ‘अर्धी वाढ’ आणि तिसरं म्हणजे ‘बरं, तू म्हणतोस तर’. हे त्या बिचाऱ्याला कुणी शिकवलं नव्हतं. मी त्याला बाजूला घेऊन सगळं समजावलं. पोरगा हुशार. पुढच्या पदार्थाला त्यानं चार वेळा विचारलं आणि आत्यांनी तीन वेळा नाकारून भात घेतला. भात, डाळ आणि वर तूप. मेनूकार्डात याला बरंच लांब नाव होतं.

तिसऱ्या प्रकारापुढे साडूंनी फुली मारली होती खरी, पण मेव्हणीला चायनीज खायचं होतं. साडू मेनूकार्ड उजवीकडून डावीकडे वाचतात, आधी किंमत आणि मग परवडलं तर पदार्थ. त्यांनी तोडगा काढला. दोघं आधी बुफेत पोटभर जेवले, मग त्या रेस्टॉरंटात जाऊन एक प्लेट घेतली आणि काड्यांनी तासभर खाल्ली. “पदार्थ चांगला होता,” साडू म्हणाले, “पण भूक नसल्यामुळे जरा महाग पडला.”

गोव्याला जहाज बंदराला लागलं. लोक उतरून समुद्रकिनारे बघायला, मासे खायला पळाले. साडू उतरेनात. “बाहेर माशाची थाळी खाल्ली तर इथलं दुपारचं जेवण वाया. ते तिकिटात आहे.” त्यांनी गोवा वरच्या मजल्यावरून, हातात पकोडे घेऊन पाहिला. त्यांच्या मते गोवा छान आहे.

परतताना समुद्र जरा हलला. मामा पिवळे पडले. तेव्हा आत्यांनी बटव्यातून आलेपाकाच्या वड्या काढल्या. यंत्राच्या नजरेतून तेवढ्या सुटल्या होत्या. मामांना उतार पडला, बोरिवलीकरांनीही दोन वड्या नेल्या.

तुम्ही जाणार असाल तर माझा सल्ला घ्या. नाश्ता बुफेत करा, तिथं त्याला तोड नाही. रात्रीचं जेवण टेबलाशी बसूनच घ्या आणि जे हवं असेल त्याला पहिल्याच खेपेला ‘हो’ म्हणा. पैसे देऊन खायच्या ठिकाणी उपाशीपोटी जा, नाहीतर जाऊ नका. साधारण मध्यावरची आणि खालच्या मजल्यावरची खोली घ्या, ती कमी हलते. आणि बुकिंग डिसेंबर-जानेवारीचं मात्र करू नका. त्या दिवसांत सुप्याच्या आणि पारनेरच्या रानात हुरडा असतो, तो कुठल्याच तिकिटात मिळत नाही.