पासवाले काका

डोंबिवलीत इमारत चार मजल्यांच्या वर गेली की तिला लिफ्ट लागते. पण ती कितीही मजल्यांची असो, एक पासवाले काका तिला लागतातच. आमच्याकडचे दुसऱ्या मजल्यावर राहतात. विमा कंपनीतून निवृत्त, उजव्या कानाने जरा कमी ऐकू येतं. संगीत, सणवार आणि राजकारण या तिन्ही खात्यांत गावात काय चाललंय, हे त्यांना विचारावं लागत नाही. जिन्यात समोर आलात तरी पुरतं.

नोकरीत असताना त्यांच्या खिशात रेल्वेचा पास असायचा. त्याच प्लॅस्टिकच्या पाकिटात आता कार्यक्रमांचे पास असतात. दिवाळी पहाट, पाडवा पहाट, कोजागिरी, नाट्यसंगीत रजनी, कुणाच्या तरी एकसष्टीनिमित्त सुगम संगीत. पास मिळवण्याची त्यांची एक पद्धत आहे. ते मागत नाहीत. दिवाळीच्या आठवडाभर आधी ते संपर्क कार्यालयांवरून संध्याकाळचे फिरायला जातात. पहिल्या दिवशी नुसतेच, दुसऱ्या दिवशी जरा थांबून, तिसऱ्या दिवशी आत डोकावून, ‘‘काय, यंदा भाऊंचं काही आहे की नाही?’’ आतला पोरगा बिचारा ओशाळतो आणि दोन पास काढून देतो. तिकीट काढून गाणं ऐकणं काकांना मंजूर नाही. ‘‘अहो, सांस्कृतिक शहर आहे हे. इथे तिकीट काढायचं म्हणजे घरच्या जेवणाचे पैसे मोजण्यासारखं आहे.’’

सांस्कृतिक शहर असल्याचा पुरावा ते एका दमात देतात. पु. भा. भावे इथले. शं. ना. नवरे इथले. गुढीपाडव्याची स्वागतयात्रा १९९९ साली गणेश मंदिर संस्थानाने इथेच सुरू केली, बाकीच्यांनी मागून उचलली. नव्वदावं साहित्य संमेलन २०१७ साली इथे भरलं. दम इथे संपतो, कारण पुढे एमआयडीसी येते. २०१४ साली इथे हिरवा पाऊस पडला आणि २०२० साली एक रस्ता सकाळी उठून बघतात तो गुलाबी झालेला, हे सगळ्या महाराष्ट्राने वाचलंय. काका त्यावर एवढंच म्हणतात, ‘‘आमच्याकडे मल्हार गायचा तर आधी रंग सांगावा लागतो.’’ पण हे काकांनी म्हणायचं. २०१८ मध्ये नितीन गडकरींनी डोंबिवलीला घाणेरडं शहर म्हटलं, तेव्हा हाच माणूस आठवडाभर पेटलेला होता. तेच वाक्य ते स्वतः रोज सकाळी दूध आणताना दोनदा म्हणतात, याची मी आठवण करून दिली. ‘‘आपलं वेगळं,’’ ते म्हणाले. ‘‘ते काय इथून लोकलने जातात?’’

गाण्यातला त्यांचा अधिकार मोठा. गायकाने आलाप सुरू केला की ते शेजारच्याच्या कानाशी लागतात. सकाळ असेल तर ‘‘भैरव अंगाचं आहे’’ आणि संध्याकाळ असेल तर ‘‘मारवा अंगाचं आहे.’’ अंगाचं म्हटलं की पकडलं जायची भीती नाही. गायकाने मागाहून रागाचं नाव सांगितलं आणि ते निराळंच निघालं, तरी काका मान डोलावत म्हणतात, ‘‘तेच म्हटलं मी, अंग तेच आहे.’’ त्यातही मारवा हा फार सोयीचा राग. मारवा, पूरिया आणि सोहनी या तिघांचे स्वर तेच. कुठल्या स्वरावर मुक्काम करायचा आणि कुठल्या सप्तकात रेंगाळायचं, यावर नाव बदलतं. एकदा मारवा म्हणून ठेवलं की तिघांपैकी कुणीही आलं तरी आपलंच.

खरी गंमत अशी की काकांचं राजकारणही याच थाटातलं आहे. २०२२ साली शिवसेना फुटली, २०२३ साली राष्ट्रवादी फुटली. आमच्या जिन्यात माणसं तावातावाने बोलत होती, दोन सख्खे भाऊ तर एकमेकांच्या घरची चकली खाईनात. काका शांत. ‘‘मारवा, पूरिया, सोहनी,’’ ते म्हणाले. ‘‘स्वर तेच. वादी-संवादी तेवढे बदललेत.’’

‘‘आणि षड्ज?’’ कुणीतरी विचारलं.

‘‘मारव्यात षड्ज लपवूनच लावतात. हवाच असेल तर शेवटी शेवटी दिसेल.’’

वर्तमानपत्रं घरात दोन येतात, पण काका राजकारण वाचतात ते निमंत्रणपत्रिकेवर. पत्रिका हातात आली की मजकुराकडे बघतही नाहीत. गायक कोण, तबल्यावर कोण, हे नंतर. चष्मा कपाळावर चढवून पत्रिका नाकाशी नेतात आणि वरच्या गोलांपासून सुरुवात करतात. वर डाव्या-उजव्या बाजूला छोट्या गोलांत मोठी माणसं असतात, मधे मोठ्या चौकोनात छोटा माणूस असतो आणि खाली ‘सौजन्य’ या शब्दाखाली खर्च करणारा असतो. ठाणे जिल्ह्यात आनंद दिघ्यांशिवाय फलक पुरा होत नाही. त्यांना जाऊन दोन दशकं उलटली, बाळासाहेबांना जाऊनही दशक उलटून गेलं. पण पत्रिकेवर दोघे ठणठणीत आहेत आणि फुटीनंतर तर दोन्हीकडच्या पत्रिकांवर आहेत. त्यामुळे वरच्या रांगेवरून काही कळत नाही, असं काकांचं मत. ‘‘खालची रांग बघा. मागच्या वर्षी हा तिसरा होता, यंदा पाचवा. आणि हसायचा फोटो काढून गंभीर टाकलाय. हा माणूस जाणार.’’ माणूस महिनाभरात गेला. काकांनी ती पत्रिका जपून ठेवली आहे. गायकाचं नाव मात्र त्यांना आता आठवत नाही.

संगीताचा आणि महापालिकेचा संबंध लोकांना वरवर दिसत नाही, पण आमच्या गावात तो फार जवळचा आहे. कल्याण-डोंबिवलीची निवडणूक २०१५ मध्ये झाली होती. नगरसेवकांची मुदत २०२० च्या नोव्हेंबरात संपली, आणि पुढचं मतदान उजाडलं ते जानेवारी २०२६ मध्ये. मधली पाच वर्षं गावात नगरसेवक नव्हते. होते ते माजी आणि भावी. करोनाची भीती सरली आणि काकांच्या मते संगीताला इतके बरे दिवस गावाने कधी पाहिले नव्हते. कारण सोपं आहे. नगरसेवकाला लोक गटाराबद्दल विचारतात. भावी नगरसेवकाच्या हातात गटार नसतं, मग तो शास्त्रीय गायन ठेवतो. एका प्रभागात चार भावी असतील तर एका पहाटेला चार पहाटा. काका सायकलवरून दोन उरकायचे.

त्यांच्याबरोबर एकदा दिवाळी पहाटेला मी गेलो होतो. पासवर लिहिलेलं साडेपाच. आम्ही पाचला पोचलो, कारण काकांच्या मते जागा हा मैफलीचा पाया. मैदानावर पांढऱ्या कपड्याच्या खुर्च्या, पाठीला सॅटिनची फीत. पुढे दोन रांगा सोफ्यांच्या, त्या रिकाम्या, त्यांच्याभोवती दोरी आणि दोरीपाशी एक स्वयंसेवक. काकांनी सोफ्यामागच्या पहिल्याच रांगेत रुमाल टाकला. दारात प्रत्येकाला उटण्याची पुडी मिळाली, पुडीवर भाऊंचा फोटो. (‘‘आता यांनाच अंगाला लावायचं का?’’ हा काकूंचा घरी गेल्यावरचा प्रश्न.)

पावणेसहाला तानपुरे लागले. गायिका येऊन बसल्या. सहाला निवेदिकेने सांगितलं की भाऊ निघालेत. सव्वासहाला सांगितलं की भाऊ चार रस्त्यावर आलेत. तबलजीने तबला लावला, उतरला म्हणून पुन्हा लावला. पूर्वेला चांगलं फटफटलं. काका घड्याळाकडे बघत माझ्या कानात एकेका रागाच्या निधनाची वार्ता देत होते. ‘‘ललत गेला.’’ मग, ‘‘भैरवही जाणार बहुतेक.’’ सात वाजता मोटारसायकली वाजल्या आणि भाऊ आले. त्यांच्याबरोबर पन्नासेक जण आले, दोरी सुटली, सोफे भरले. मग शाल, श्रीफळ, पुन्हा शाल, मंडपवाल्याला शाल. भाऊंनी दोन शब्द बोलायचे होते, ते पंचवीस मिनिटं बोलले. त्यात अभिजात संगीत होतं, प्रभागातला पाण्याचा दाब होता, आणि आपण पद मागत नाही, लोकच देतात, हेही होतं.

गायिका अनुभवी असाव्यात. आठ वाजता त्यांनी ललतही नाही, भैरवही नाही, सरळ तोडी घेतली. ‘‘भैरव अंगाची आहे,’’ काका म्हणाले. विलंबित जेमतेम बसत होता तेवढ्यात भाऊंचा फोन वाजला. भाऊ हात जोडून उठले, कारण दुसऱ्या पहाटेलाही त्यांना पहाटेच पोचायचं होतं. ते उठले तसे पन्नास जण उठले आणि क्षणात दोन्ही रांगा मोकळ्या झाल्या. स्वयंसेवकही दोरी तशीच टाकून भाऊंच्या मागे गेला. काकांनी आपला रुमाल उचलला, शांतपणे दोरी ओलांडली आणि मधल्या सोफ्यावर गायिकेच्या बरोबर समोर जाऊन बसले. मला खुणेने बोलावलं. मग तासभर त्या माणसाने एक शब्द काढला नाही. डावा कान पुढे करून, डोळे मिटून ऐकत राहिले. समेवर त्यांचं बोट गुडघ्यावर पडायचं आणि ते एकदाही चुकलं नाही. रागाचं नाव ओळखता न येणारा माणूस सम इतकी नेमकी गाठतो याचा उलगडा मला अजून झालेला नाही.

कार्यक्रम संपल्यावर फडके रोडला जायचं, हा रिवाज. दिवाळीच्या सकाळी डोंबिवलीतली तरुण पोरं नटूनथटून गणपतीच्या देवळाशी जमतात. काही जण दर्शनही घेतात. काका तिथे संतापायला जातात. ‘‘हा काय प्रकार आहे? नुसते फोटो! आमच्या वेळी माणसं दर्शनाला यायची, थोरामोठ्यांना नमस्कार करायची.’’

‘‘अहो, कशाला पोरांसमोर,’’ काकू म्हणाल्या. ‘‘देवळाकडे पाठ करून उभे असायचात तुम्ही. म्हणून तर मला दिसलात.’’

गणपतीत त्यांची भूमिका जरा वेगळी असते. ढोलपथकाचा सराव आषाढातच सुरू होतो आणि काका तक्रार करायला खाली उतरतात. नातवाने त्यांच्या फोनवर आवाज मोजायचं ॲप घालून दिलंय. एका संध्याकाळी त्यांनी पथकाच्या पोरांसमोर तो फोन धरला आणि ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत, रात्री दहानंतर काय होतं माहीत आहे का, वगैरे सांगायला सुरुवात केली. ढोल थांबले. आकडा खाली येईना. एका पोराने नम्रपणे लक्षात आणून दिलं, ‘‘काका, हा तुमचा आहे.’’ पण विसर्जनाच्या दिवशी हेच काका कोपऱ्यावर खुर्ची टाकून बसलेले असतात, उजवा कान ढोलाकडे आणि डावा घराकडे करून. ताशाची पट्टी उतरली तर त्यांनाच आधी कळतं आणि ते उठून सांगायलाही जातात.

वर्गणीला पोरं आली की त्यांना आधी पाणी, मग लोकमान्य. टिळकांनी उत्सव सार्वजनिक का केला, हे ऐकेपर्यंत पोरं एका पायावरून दुसऱ्या पायावर तीनदा येतात.

‘‘किती लिहू काका? पाचशे एक?’’

‘‘डीजे आहे का?’’

‘‘नाही काका. यंदा बेंजो.’’

‘‘मग एकावन्न लिही. डीजे असता तर पावतीच घेतली नसती.’’

‘‘क्यूआर कोड आहे काका.’’

‘‘रोख. टिळकांनी कधी स्कॅन केलं नाही.’’

पावतीवर मात्र ते आपलं नाव नीट वाचून घेतात, कारण मंडळाच्या पत्रिकेत सल्लागारांच्या यादीत तेच यायचं असतं. गेल्या वर्षी ते चौथे होते, यंदा सहावे आले. काका दोन दिवस जेवले नाहीत.

शेवटी निवडणूक आली. कितीतरी जागा मतदानाआधीच बिनविरोध गेल्या, त्याचा काकांना फार राग आला. पाच वर्षं रियाज करून मैफल रद्द झाल्यासारखं वाटतं, म्हणाले. आमच्याकडे मात्र लढत होती, त्यामुळे एका संध्याकाळी एक भावी आमच्या इमारतीत आले, मागे वीसेक जण, गळ्यात उपरणी. पाण्याचं झालं, खड्ड्यांचं झालं, पुनर्विकासाचं झालं. काका ऐकत होते. ‘‘ते सगळं असू दे,’’ ते म्हणाले. ‘‘निवडून आलात तर दिवाळी पहाट चालू राहणार का? कारण निवडून आल्यावर ती बंद पडते असा अनुभव आहे.’’

‘‘काका, तुम्ही फक्त नावं सांगा. तुमच्या पसंतीचे कलाकार आणू.’’

असं काकांना आयुष्यात कुणी विचारलं नव्हतं. ते आत गेले आणि अर्ध्या तासाने फुलस्केपवर सहा नावं लिहून घेऊन आले. कार्यकर्त्याने कागद घडी करून खिशात ठेवला. दोन दिवसांनी त्याचा फोन आला तेव्हा मी काकांकडेच बसलो होतो.

‘‘काका, यादी बघितली. पण यातले चौघं वारलेत.’’

‘‘माहितेय मला. उरलेल्या दोघांना बोलवा.’’

‘‘मग चौघांची नावं खोडू ना?’’

‘‘खोडता कशाला? पत्रिकेवर सहाही छापा. वरच्या गोलांत.’’