रात्रपाळीच्या रंगकर्म्यास अनावृत पत्र

माननीय कापड-प्रोसेस मालक,

इचलकरंजीच्या खालच्या अंगाला राहणाऱ्या आम्हा मंडळींना तुमच्या ऑर्डरींची खडान्खडा माहिती असते. गेल्या आठवड्यात काळा ओढा नेव्ही ब्लू होता, परवापासून मरून. धंदा तेजीत आहे, अभिनंदन! एवढ्या लवकर तुमच्या सीएलाही कळत नसेल.

परवाच्या बैठकीत तर तुम्ही आमची चिंताच मिटवलीत. "आता नॅनो येतंय. पावडर टाकायची, उन्हात ठेवायचं, रंग गायब. तोवर जरा सांभाळून घ्या." तोवर सांभाळायचं कुणी, हे सांगायची गरजच नव्हती.

तुमची ही विज्ञाननिष्ठा पाहून थोडी भर घालतो. ती पावडर म्हणजे बहुधा टायटॅनियम डायऑक्साइड. भिंतीच्या पांढऱ्या रंगात असतं तेच, फक्त कण नॅनोमीटरांत मोजावे इतके बारीक. त्यामुळे एका ग्रॅमला सुमारे 50 चौरस मीटर पृष्ठभाग मिळतो. चिमटीत मावणारा वन बीएचकेच म्हणा. त्यावर अतिनील किरण पडले की कणातला इलेक्ट्रॉन जागचा उठतो, मागे पोकळी उरते आणि पाणी व प्राणवायूशी होणाऱ्या क्रियांतून हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतात. ते भलतेच आक्रमक. अझो रंगातल्या दोन नायट्रोजन अणूंमधला बंध ते तोडतात आणि रंग जातो. पुरेसा वेळ दिला, तर उरलेल्या तुकड्यांचाही कार्बन डायऑक्साइड आणि पाण्यापर्यंत निकाल लागतो. फुजिशिमा आणि होंडा या जपानी शास्त्रज्ञांनी याच पदार्थावर प्रकाश टाकून पाण्याचं विघटन दाखवलं ते 1972 मध्ये. तुमचं 'आता येतंय' पन्नाशी ओलांडून गेलंय.

आता अडचण तुमच्या पाण्याची. प्रयोगशाळेत बहुतेकदा स्वच्छ पाण्यात लिटरमागे काही मिलिग्रॅम मिथिलीन ब्लू घेतात. तुमच्याकडे गडद शेडला लिटरमागे 50 ते 100 ग्रॅम मीठ, वर कॉस्टिक, साबण, स्टार्च आणि सुताला न चिकटलेला रिॲक्टिव्ह रंग. मिठातले क्लोराइड रॅडिकलना मध्येच गाठतात. पाणी इतकं गडद, की उजेड कणापर्यंत पोचायची मारामार. त्यात उन्हातले अतिनील किरण जेमतेम 4-5 टक्के. काम झाल्यावर पावडर गाळून परत काढायची, नाहीतर तीही नदीतच. आणि रंग उडाला म्हणजे विष गेलं असं नाही. अर्धवट तुटलेले घातक रेणू पाण्यात राहू शकतात, पण दिसत नाहीत. हा भाग तुम्हाला विशेष आवडेल.

थोडक्यात, ईटीपीत, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया केंद्रात, गाळ बसला, जिवाणूंचं काम झालं, की उरलेल्या रंगावर शेवटचा हात फिरवायला ही पावडर कामाची. तुमचा ईटीपी अर्थात आहेच. तपासणीला साहेब येतात त्या दिवशी ब्लोअर घरघरतो, टाकीवर फेस येतो आणि रजिस्टरमध्ये महिन्याभराच्या नोंदी एकाच पेनानं, एकाच वळणात, एका बैठकीत उतरलेल्या असतात. अक्षर मात्र सुरेख आहे.

शिवाय या पावडरीला उजेड लागतो आणि तुमचा बायपासचा व्हॉल्व्ह फिरतो मध्यरात्रीनंतर. एवढ्या मूलभूत मतभेदावर कुठलं विद्यापीठ तोडगा काढणार?

पंचगंगा उशाला असून या शहरानं कृष्णेतून पाणी आणलं. आता दूधगंगेचं हवंय, तर त्यासाठीच्या सुळकूड योजनेला कागलकडच्या लोकांचा विरोध. त्यांचा राग आम्हाला येत नाही. दारातली नदी नासवून शेजाऱ्याच्या नदीवर डोळा ठेवणाऱ्या शहराला ते तरी कशाला हो म्हणतील?

तेव्हा नॅनोची वाट बघायचं काम आमच्यावर सोपवा. तुम्ही बायपासचा पाइप बुजवा आणि ब्लोअर रोज चालू ठेवा. या दोन्हींसाठी संशोधन लागत नाही. एक गवंडी आणि वेळेवर भरलेलं वीजबिल, एवढ्यावर भागतं.

आपला,
पंचगंगाकाठचा एक शेतकरी