भरितातली तज्ज्ञ

माहेरी जाणाऱ्या बाईला वय नसतं, असं माझं ठाम मत आहे. त्यामुळे पन्नाशी उलटली, मुलगा नोकरीला लागला, तरी नाताळच्या सुट्टीत मी फैजपूरला जाते ती घरची लेक म्हणूनच. साठ दिवस आधी, सकाळी आठच्या ठोक्याला मोबाइल हातात धरून तिकीट काढते. नवरा म्हणतो, रात्रीच्या बसने जा की. बसने माणूस कामाला जातो. माहेरी जायचं ते महाराष्ट्र एक्सप्रेसने! कोल्हापूरहून गोंदियाला जाताना ही गाडी अर्धा महाराष्ट्र नुसता वळसे घेत दाखवते. मनमाड मागे पडलं की माझ्या पुणेरी मराठीची इस्त्री मोडते, चाळीसगावला 'काय व माय' सुरू होतं आणि भुसावळ येईपर्यंत समोरच्या बर्थवरच्या बाईंना भरीत कसं करावं, हे सांगून झालेलं असतं. त्या बाई जळगावच्याच निघाल्या तरी मी थांबत नाही.

भरीत हा माझा अधिकाराचा विषय. पुण्यात आमच्या सोसायटीत कोणी काळं गुटगुटीत वांगं गॅसवर भाजून त्यात दही कालवलं आणि त्याला भरीत म्हटलं, की मी त्या घरी आवर्जून जाते आणि त्यांचं जेवण होईस्तोवर बोलते. वांगं कसं हवं? हिरवं, पांढरट रेघांचं, हातभर वाटावं असं, बी कमी आणि गर भरपूर. आमच्या जळगावच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन आहे म्हटलं! (केळीलाही आहे, पण केळीबद्दल मला कोणी विचारत नाही.) चातुर्मासात वांगं वर्ज्य, चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला की बंदी उठते, आणि मग थंडीभर शेताशेतांतून धूर निघतो. वांग्याला तेलाचा हात लावायचा आणि कपाशीच्या नाहीतर तुरीच्या वाळलेल्या काड्यांच्या जाळात ते टाकायचं. गॅसवर नाही. ओव्हनचं तर नावच काढू नका. साल काढायची ती बोटं पोळत असतानाच. मग लाकडी बडगीत भाजलेल्या हिरव्या मिरच्या, लसूण आणि गर मुसळाने ठेचायचा. मिक्सर लावणाऱ्याशी मी बोलत नाही. वरून कांद्याची पात, कोथिंबीर, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, आणि तेल इतकं, की खाणाऱ्याने आपल्या डॉक्टरचं नाव मनातसुद्धा आणू नये. टमाटा? टमाटा घालणाऱ्यांसाठी वेगळा लेख लिहावा लागेल.

एवढं ज्ञान असलेल्या बाईने भरीत कधी केलेलं नाही, हे कुणाच्या लक्षात येत नाही. कारण आमच्याकडे शेतातल्या भरीत पार्टीत भाजणं-ठेचणं पुरुष करतात, चुलीशी भावजय असते आणि मी केळीच्या पानाशी असते. माहेरवाशीण ना!

यंदाही भावाने पार्टी ठरवलेलीच होती. वीसेक माणसं येणार होती. आदल्या संध्याकाळी भावजय पात निवडत होती आणि मी शेजारी बसून पात कशी निवडावी, ते सांगत होते. बोलता बोलता ती म्हणाली, "आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं ताई. पंधरवडा झाला."

"मग? भेटून आलीस का?"

"कुठलं. कापूस घरात यायचा होता, मग सासूबाईंचं पथ्यपाणी. आणि तुम्ही येणार होत्या."

तिचं माहेर मलकापूर. भुसावळहून गाडीने तासाभराचंही नाही. आणि जवळ आहे, म्हणूनच तिला जाणं होत नाही. मी पुण्याहून येते, तर भाऊ स्टेशनवर येतो, माझी बॅग उचलतो, आई आठ दिवस आधीपासून दूध साठवते. ही सकाळी गेली, तर संध्याकाळी चूल पेटवायला परत हवी. "जवळच तर आहे, कधीही जाता येतं," असं आमच्या घरात सगळेच म्हणतात, आणि ते कधीही कुठल्याच महिन्यात येत नाही. मला भावाचा राग आला, आईचा आला. पुण्याला असण्याचं एवढं कौतुक आणि मलकापूरचं काहीच नाही? बाईच्या माहेरपणाची किंमत रेल्वेच्या किलोमीटरवर ठरवायची ही कुठली रीत? तिची आई एका डोळ्याला हिरवी पट्टी बांधून दाराकडे बघत बसली असेल, आणि तिची लेक इथे माझ्या भरितासाठी पात निवडत होती.

म्हणून मी मोठ्या मनाने म्हणाले, "तू उद्याच्या उद्या जा. मी आहे ना!"

असं म्हणायची पद्धत असते. त्यावर समोरच्याने "नको हो ताई, तुम्ही चार दिवस आराम करायला आल्या," म्हणायचं असतं. मग आपण आणखी एकदा आग्रह करायचा, तिने आणखी एकदा नाही म्हणायचं, आणि विषय चहावर न्यायचा. भावजय उठली, हात धुतले आणि आतून बॅग घेऊन आली. भरलेली होती.

"एवढी माणसं येतील, सगळं कसं व्हायचं?" भाऊ गडबडला.

"ताई आहेत ना," ती म्हणाली. "त्यांना सगळं येतं. दरवर्षी सांगतातच."

दुसऱ्या दिवशी शेतात पुरुषांनी वांगी भाजली, ठेचली, गाणी लावली. माझ्या वाट्याला आल्या कळण्याच्या भाकरी. ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेलं ते पीठ मला कधीच कळलं नव्हतं. थापायला गेलं की कडेने चिरायचं, उचलायला गेलं की मधून. तव्यावर पोचेपर्यंत एका भाकरीच्या तीन होत होत्या, म्हणजे संख्येच्या हिशेबात मी पुढेच होते. धुराने डोळे चुरचुरायला लागले. पानांवरून "भाकरी येऊ द्या व" अशा हाका येत होत्या, आणि त्यात सगळ्यात मोठा आवाज माझ्या सख्ख्या भावाचा होता.

शेवटी बाजेवर बसलेली आई उठली. ऐंशी पार केलेली, गुडघे धरून चालणारी. "सरक तिकडं," म्हणाली आणि माझ्या हातातला उंडा काढून घेतला. तिच्या हाताखाली ते पीठ शहाण्यासारखं गोल झालं. मी शेजारी बसून काड्या सारत राहिले. मध्येच तिने विचारलं, "तिची माय बरी हाये का व? फोन लावला का कोणी?" कोणीच लावला नव्हता.

मी तिथूनच लावला. भावजयीने उचलला नाही. रात्री मेसेज आला: "झोपले होते ताई. दुपारी जेवून जी झोपले ती आत्ता उठले. आईने उठवलंच नाही. आठवडाभर राहीन म्हणते. दुधाचे पैसे फडताळातल्या डब्यात आहेत, सासूबाईंची बीपीची गोळी सकाळी, लाइटबिल यांना सांगू नका, विसरतात, तुम्हीच भरा. आणि रविवारी यांचे मित्र पुन्हा भरिताला येणार आहेत."